उंची पाच फूट दोन

पेनसिल्व्हेनियात, जिल्हा कोर्टाच्या जुन्या कागदांच्या खिडकीशी माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची नात उभ्या होत्या.

"आजी, सापडला तुझ्या बाबांचा नागरिकत्वाचा अर्ज. युराय ह्रिन्को, उंची पाच फूट दोन इंच."

"मग दुसऱ्या कुणाचा असेल. ते दारातून वाकून यायचे, आई सांगायची."

"अगं, गाव तेच, खाणही तीच."

"आईच केवढीशी होती म्हणा. तिला उंचच वाटणार."

"खाली फोटो आहे. बघतेस?"

"मी पोटात असतानाच खाणीचं छत कोसळून गेले ते. एकच फोटो होता, तोही आईने त्यांच्या शवपेटीत ठेवला."

"चष्मा लाव आधी."

"दे."

"आजी? काय झालं?"

"अगं, याला मिसरूडही नीट फुटलेलं नाही. खाणीत कुणी जाऊ दिलं याला?"