जोड कुठेतरी येणारच

...नाही, पण मी म्हणतो, जोड काय मी हौसेने टाकतो? तुम्हाला सांगतो, उभा जन्म शाळेचे पृथ्वीगोल चिकटवण्यात गेला माझा. कागदाच्या पाकळ्या असतात, एकीला लागून एक चिकटवत गोल फिरायचं, आणि शेवटची पाकळी पहिलीवर जराशी चढते. तिथे जोड. तो कुठेतरी येणारच ना हो! आजवर समुद्रात टाकत आलो. माशांनी कधी तक्रार केली नाही.

तेव्हा गिऱ्हाईक एकच होतं, सगळ्या जगाचा दादा. त्याच्या शाळांत आमचे गोल जायचे, आमची चूल पेटायची, विषय संपला. आता त्याने हात आखडता घेतला आणि दोन नवे दादा उगवलेत, ऑर्डरी आता त्यांच्याच! एक म्हणतो, जोडाखाली आमचं बेट गेलं. बेट कसलं, खडक तो, भरतीला दिसतसुद्धा नाही! दुसरा म्हणतो, बेटाचं सोडा, तो अख्खा समुद्रच आमचा. झालं, मालकांनी मला बोलावलं. "जोड हलवा." अहो, हलवून नेऊ कुठे? ह्याच्या अंगावर टाकला तर हा बारीक होतो, त्याच्यावर टाकला तर तो रुसतो, आणि एक जरी रुसला तरी कारखान्याला कुलूप. मग मला कोण ठेवणार या वयात? पृथ्वी चिकटवण्यापलीकडे येतं काय मला?

मेहुणा आला समजूत घालायला. बँकेत आहे, त्याला जगाचं सगळं कळतं. "भाऊजी, नव्या सत्ता उगवल्या म्हणून जागतिक भांडवलशाही डगमगत नसते. तोल तेवढा इकडचा तिकडे." असं म्हणून त्याने टेबलावरच्या गोलाला दिली टिचकी, आणि गोल स्टँडसकट खाली! बरोब्बर जोडावर उकलला.

आणि काल मालक हसत आले. म्हणाले, जागा सापडली, असा देश की जिथून ना ऑर्डर येते ना तक्रार. मी विचारलं, कुठला हो? त्यांनी बोट ठेवलं... आपल्यावर! आणि चिकटवला कोणी? मीच. वर अंगठ्याने दाबून सुरकुतीसुद्धा काढली. काय करता, जोड कुठेतरी येणारच ना!

घरी आलो तर बायको दारातच उभी. म्हणाली, "नोकरी राहिली का?"

म्हटलं, "राहिली गं. आपण तेवढे राहिलो नाही."