राष्ट्रगरुडाचं आडनाव

सिडको बसस्टँडवर करमाडच्या गाडीची वाट बघत माझ्या पुढच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. नातीला शाळेत फुकट मिळालेलं कॉमिक त्यांनी शेजारच्या गृहस्थांपुढं धरलं.

"भाऊ, ह्यो छातीवर देशाचा नकाशा लावलेला कोण?"

"राष्ट्रगरुड, मावशी. आमच्या मुलीनं, प्रेरणानंही शाळेतून आणलंय. तो उडतो, देशाच्या दुश्मनांना पकडतो."

"आन् मागल्या पानावर हात जोडून हसतोय त्यो?"

"ते पुढारी. त्यांनीच वाटलीत पुस्तकं."

"व्हय का. मंग ह्या गरुडाचं आडनाव काय?"

"सुपरहीरोला कुठं आडनाव असतं?"

"मुखवटा काढल्यावर तरी आसंल की."

"मुखवटा काढला की तो अभय."

"नुसता अभय? शाळेच्या दाखल्यावर काय लिवलंय मंग?"

"अहो, तो साऱ्या देशाचा आहे. त्याला आडनाव कशाला पाहिजे?"

"मंग ह्या चोराला कशाला पाहिजे? नववं पान बघा. बापाच्या नावासकट आडनाव छापलंय."

"गोष्टीत लागतं असं काहीतरी."

"चोराच्या वस्तीची कमान बी बघा. निळी हाय."

"रंग काय, कुठलाही देतात."

"बाकीच्या गावात एकबी कमान नाय काढली."

"लहान मुलांचं पुस्तक आहे, मावशी. तुम्ही लईच खोलात शिरता."

"वाचायला शिकले ना, म्हणून."

"बरं, करमाडला कुठं राहता? पूर्ण नाव काय तुमचं?"

"सांगते की. आधी ह्या उडणाऱ्याचं सांगा."