हवा म्या सोडली, भरली कोनं?

नाई, बसत नाई मी. उभाच बरा हाय. बाकड्यावर जागा हाय थे दिसून राह्यली मले, पन एकदा बसलो तं उठवन कोन? कमरीत असा चमका भरला हाय का... जाऊ द्या. एक च्या सांगा, उभ्यानंच पितो, अन् आयका. परक्यानं दगा देल्ला तं मानूस चार शिव्या देते अन् मोकळा होते. पन घरच्याइनंच देल्ला तं? शिव्या देल्ल्या तं आपल्याच घराले लागते! तुमाले सांगतो, साऱ्या चाकाइची हवा म्या माह्या हातानं सोडली, सोडली म्हंजे सोडली, फुस्स आवाज माह्या कानानं आयकला, अन् दोन घास खाऊन येऊन पाहतो तं टायर दगडावानी टनक. आता सांगा. हवा म्या सोडली, मंग भरली कोनं?

पह्यलेपासून सांगतो, नाई तं तुमाले वाटन धनसिंग येडा झाला. माही माय भुरीबाई, पाह्यली असन तुमी, बोरीच्या बाजारात येते, हातभर चुडे, पायात वाळे, गळ्यात चांदी, बुढी चालाले लागली का अर्ध्या बाजाराले समजते धनसिंगची याडी आली. आमच्या बंजाऱ्याइत मायले याडी म्हंते. तं या बुढीले घरात झोप येत नाई. आजची गोठ नाई, जलमाची हाय. लहानपनी थे बैलावर वाढली. आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ-दाना लादून मुलूखभर फिरत, लेकरं गोनीवर बसवून देत, लेकरं थितंच झोपत. मंग रेल्वे आली, माल रेल्वेनं नेला, आमी वावरं धरली, घरं बांधली. सारे जागी लागले, बुढीची झोप तेवढी बैलावरच राहून गेली.

अन् माहा धाकला भाऊ लालसिंग, थो उमरखेडले राह्यते, दुकान हाय त्याचं. त्यानं सिमिटाचं घर बांधलं, लोखंडाचा पलंग आनला, पलंगाले स्प्रिंगा! आला अन् लागला गोड बोलाले, "याडी, माह्याकडं चाल वं, त्या पलंगावर पडली का सकाळीच उठशीन." म्या म्हनलं, मोठा मी हाय, माय माह्याकडं राहीन. बुढीनं दोघाइकडंई पाह्यलं, तंबाखू थुकली अन् म्हने, "जिथं झोप लागन, थितं मी राहीन." संपला निकाल.

आता पाहा बरं माही पंचाईत. माय भावाच्या दारात गेली तं तांडा मले काय म्हनन? अन् तांड्याचं सोडा, मले करमन का? पन्नाशी गाठली म्या, पन सकाळी तिची शिवी आयकल्याबिगर मले आजई च्या गोड लागत नाई. म्हनून म्हनलं, हिले बसतं घर चालत नाई नं, मंग चालतं घर देऊ. सर्कारनं खासगी मोटरी बंद करून आपल्या यष्ट्या चालू केल्या तवा एक जुनी मोटर गोदामामांगं पडून होती, थे घेतली. बाकडे काढले, खाट ठोकून बसवली, पान्याचा माठ कड्यात बसवला, स्टो ठेवला, आमच्या संताचा, सेवाभायाचा फोटो लावला, माह्या बायकोनं, सोनीबाईनं, आरशाचे पडदे शिवले. तांडा हासला. शेजारचा रामधन तं म्हने, "बापाचा जलम गेला बैलावरून उतरता उतरता, अन् पोरगं पुन्हा चाकावर चढलं." हास म्हनलं.

पह्यल्या दिवशी दारव्ह्यापर्यंत नेली बुढीले. मोटर का हो थे, उखळ होतं! भांडे खाली, माठ फुटला, सोनीबाईचं डोस्कं टपाले लागलं, मी तं खुटीले लोंबकळून उभा. अन् पाहतो तं बुढी खाटेवर आडवी, डोये मिटलेले, तोंड उघडं. म्हनलं मेली! बेसुध झाली माही माय! तांब्याभर थंड पानी तोंडावर मारलं. उठली थे, अन् मले ज्या शिव्या देल्ल्या, माह्या सात पिढ्या बाहेर काढल्या. म्या हात जोडले, म्हनलं याडी, समजलो, तुले लय दनके बसले, आता गाडी अशी नरम करतो का पोटातलं पानी हालनार नाई. थे काई बोलाले गेली, पन मी आयकतो कायले?

दारव्ह्याच्या पंचरवाल्याले इचारलं. थो चाकाले हातोडी मारून म्हने, "शेटजी, ये गाडी भरभर सवारी ढोनेवाली, आप एक बुढिया ढोते. रिकामी गाडी उडतेच. मांगच्या चाकाइवर वजन टाका अन् हवा कमी करा, मक्खन चलेगी." सरकीचे पोते टाकले म्या. घरच्या कापसाची हातभर जाड गादी भरली. अन् काडीनं वाल दाबून एकेका चाकाची हवा सोडली. माहा डायवर फकिरा, लहानपनापासून माह्या घरचं मीठ खाल्लेला, थो कुरकुर कराले लागला, "मालक, वजन वाढवून हवा कमी केली तं टायर तापते, फाटन एखाद्या दिवशी." म्या म्हनलं तू गाडी चालव, अक्कल नोको चालवू.

अन् चालली हो गाडी! कपभर च्या हातात धरून बसलो, बशीत थेंब नाई सांडला. म्या म्हनलं आता झोपते बुढी. फर्लांगभर गेलो नाई तं थे उठून बसली, "गाडी हुबी रेगी कांई रं?" म्हंजे थांबली का रे गाडी. नाई याडी, चालून राह्यली. पडली. जरा वेळानं पुन्हा, "गाडी हुबी रेगी कांई?" अरे चालून राह्यली नं वं! असं आख्खा रस्ता. डोयाले डोया नाई लागला. म्हनून म्या काय केलं? आजून हवा सोडली.

तवाच लालसिंगचा निरोप आला, याडीले उमरखेडले आन, माह्या पलंगावर झोपवून पाहू. म्या म्हनलं येतो, अन् मोटरीतच झोपवून आनतो, तुह्या दारात घोरत उतरन. निंघालो आमी चौघं. निंघाच्या आधी म्या हवा पाह्यली, नरम. दारव्ह्याले पाह्यली तं टनक! म्हनलं माहाच भास असन. पुन्हा सोडली. दिग्रसले सोनीबाई म्हने, "मोटरीत गरम होते, तुमी त्या लिंबाखाली बसून खा." कधी नाई थे बायको एवढी मायेनं बोलली, मी बसलो भाकर घेऊन. येऊन पाहतो तं पुन्हा टनक! हवा म्या सोडली, मंग भरली कोनं? फकिराले धरलं, थो आभायाकडं पाहून म्हने, "ऊन लय हाय मालक, उन्हानं फुगली असन." सोनीबाईले इचारलं तं थे म्हने, "मले चाकातलं काय समजते?" अन् बुढी? थे तं डोये मिटून पडलेली.

मले वाटलं हे काम लालसिंगचं! त्यानं फकिराले फोडलं. माय झोपू नये, मी हाराव, म्हनून. सख्खा भाऊ म्हनलं, अन् असा! पुसदपर्यंत दात खात गेलो. पुसदले थांबलो तं पुन्हा सोडली हवा, अन् मोठ्यानं सांगतलं, "नदीवर आंग धुवून येतो, वेळ लागन मले." टावेल खांद्यावर टाकला, नदीकडं गेलो, अन् जिनिंगच्या भितीमांगून वळून गुपचूप आलो.

काय पाह्यलं म्या? फकिरा पंप मारून राह्यला, घामानं भिजलेला. माही लगनाची बायको वालाले नळी धरून बसली. अन् मोटरीच्या दारात, पायरीवर, पाय सोडून, तंबाखू चोळत, माही माय! "मार रं, आजून मार. ढिली हाय आजून."

तुमाले सांगतो, टावेल गळून पडला माहा. ज्या मायसाठी केलं सारं, थेच! म्या म्हनलं, "याडी, तू?" थे घाबरली का? नाव नाई. उलटी माह्यावरच चढली. म्हने, "धन्या, आमी बैलावर झोपत होतो तं साऱ्या बैलाइच्या गळ्यात घंट्या वाजत. घंटी वाजून राह्यली म्हंजे तांडा चालून राह्यला, बाप जागा हाय, झोपाचं. घंटी गप झाली का उठाचं. वाट चुकली, नाई तं चोर आले. तुह्या त्या पलंगवाल्या भावाच्या घरात सारं गप, तुह्या घरात सारं गप. मले भेव लागते रे. त्या दिवशी तुही गाडी आदळली, भांडे वाजले, माहे चुडे वाजले, मले जलमाची झोप लागली... अन् तू मेल्या तोंडावर पानी मारलं."

रडू आलं मले. रागानं आलं का कायनं, ठाव नाई. सरकीचे पोते थितंच उतरवले, गादी काढली, सोनीबाईनं सारे गंजं-ताटल्या खुट्याले टांगले, फकिरानं हवा ठासून भरली, अन् पुसद ते उमरखेड माही माय अशी घोरली का लालसिंगच्या गल्लीतले कुत्रे भुकाले लागले. लालसिंगनं दारात पाह्यलं अन् मान खाली घातली. जितलो मी. माय माह्याकडंच राह्यली.

अन् माही कंबर? थे पुसदच्या पुढंच गेली. उमरखेडले माय मोटरीत झोपली अन् त्या स्प्रिंगाच्या पलंगावर कोन झोपलं? मी. लालसिंग पाय चेपून देत होता. वापस येतानी त्या मोटरीत चढाची हिंमत नाई झाली माही, यष्टीनं आलो, दांड्याले धरून, उभ्यानं. मोटर माही, माय माही, अन् यष्टीत उभा मी. मोटर येऊनच राह्यली असन मांगून... आयका! हे पाहा, खडखड आयकू येऊन राह्यली का? आलीच.

फकिरा! अरे इंजन बंद नोको करू! केलं ना बंद? झालं. अन् तुमी काहून गप बसले सारे? बोला नं, बोला, कपबश्या वाजवा, गप झालं का बुढी उठते अन् पुन्हा फर्लांगभर मोटर पळवा लागते. तुमाले काय वाटलं, मी हौसेनं बडबडून राह्यलो? बैलं गेले, घंट्या गेल्या, आता मोटर थांबली का मलेच वाजा लागते.