वंशावळीत नसलेली कोतवालबाई

भावकीतल्या सगळ्यांनो, गावकऱ्यांनो, आयाबायांनो,

उन्हातान्हाचं तुम्ही आलात. कुणी पाटोद्याहून, कुणी आष्टीहून जीप बदलत आलात. आईसाठी आलात. मी मंदा, शेवंताबाईची थोरली लेक. केजला दवाखान्यात नर्स आहे. आई जाऊन आज दहा दिवस झाले. मला बोलता येईल असं वाटत नव्हतं. भावाला म्हटलं होतं, अशोक, तू बोल, मी नुसती बसते. पण तासभर इथं बसून ऐकलं आणि आता गप्प राहवत नाही. रडू कमी आणि राग जास्त येतोय. माफ करा.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनी एकच सांगितलं. शेवंताबाई सोशिक होत्या. उंबऱ्याच्या आत राहिल्या. त्यांचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नाही.

अहो, कुणाबद्दल बोलताय तुम्ही?

माझी आई या गावची कोतवाल होती! सव्वीस वर्षं तिनं दवंडी दिली. गल्लीबोळातून ओरडत फिरणं हीच तिची नोकरी. आणि तिचा आवाज कुणी ऐकला नाही? रेशन आलंय हे तुम्हाला कोण सांगायचं? टँकर कधी, ग्रामसभा कधी, जनावरांना लस कधी? तेव्हा काय मोबाइलवर वाचत होता?

विधवा बाई म्हटली की आपल्याकडं एक ठरलेलं भाषण असतं. ते तुम्ही केलंत. माझी आई त्यात नव्हतीच. आणि ती आणखी एका ठिकाणी नाही. बाबूकाकांनी, म्हणजे आमच्या वडिलांच्या धाकट्या भावानं, आपल्या घराण्याची वंशावळ लिहून काढलीय. आज इथून ते ती छापायला बीडला नेणार आहेत. तिच्यात आईचं नाव नाही. मी उभी राहिले ती त्यासाठी.

आमचे वडील, दादा, कोतवाल होते. ते गेले तेव्हा मी तिसरीत होते, अशोक रांगत होता. त्यांच्या जागी आई लागली. पहिली दवंडी जनावरांच्या लशीची. मी तिच्या पदराला धरून होते. मारुतीच्या देवळापाशी थांबली, डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "आगं, कुणाला सांगतीस? भिताडाला?" सगळे हसले. आई वळली. पदर मागं सारला. आणि अशी ओरडली की मीच दचकले.

घरी आलो तर काका दारातच उभे. "वैनी, रांडमुंड बाईनं गल्लीत वरडायचं? घराण्याची काय अब्रू ऱ्हायली?"

आई म्हणाली, "मग तुमी वरडा, भावजी. मी बसते घरात."

काका ओरडायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईच गेली.

राग फक्त तुमच्यावर आहे असं नाही. मी सातवीत असताना वर्गातल्या पोरी मला बघून "ऐका हो ऐका" म्हणायच्या. मी घरी येऊन दप्तर आपटलं. म्हटलं, शाळेच्या रस्त्यानं येत नको जाऊ, मला लाज वाटती.  त्यानंतर शाळा भरलेली असताना ती त्या रस्त्याला आली नाही. ओढ्याकडून वळसा घालून पलीकडच्या वस्तीवर जायची. दवंडी चुकवली नाही, नुसती वाट बदलली. मला वाटलं, दवंडीच बंद झाली तिकडची. खरं काय ते मला कळलं कधी? गेल्या वर्षी, तिचे पाय चोळताना. "ओढ्याच्या दगडांनीच हे गुडघे खाल्ले," म्हणाली. हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. मला स्वतःची लाज वाटते आजही.

ज्यांच्या घरी मयत झालंय त्यांनी आठवून बघा. वारसांची नावं लावायला तलाठी यायचे, तेव्हा सोबत आई असायची. पोरं आपली नावं सांगून मोकळी व्हायची. आई विचारायची, "आन् लेकी? आन् मागं ऱ्हायलेली बायको?" किती घरांनी तिच्याशी बोलणं सोडलं त्यापायी! तरी ती विचारायची. नावं लागेपर्यंत दारातून हलायची नाही.

त्या बाईला काकांनी चार महिन्यांपूर्वी वंशावळ दाखवली. मी तिथंच होते. दादांचं नाव, खाली अशोकचं, त्याखाली त्याच्या मुलाचं. आईनं कागदावर बोट फिरवलं.

"भावजी, मी कुठं हाय?"

"वैनी, वंशावळीत बायका नसत्यात."

"आन् सासूबाई? पारूबाई नाव व्हतं त्यांचं. त्या बी न्हाईत?"

"न्हाई, तशी रीतच हाय."

"मग ही पोरं काय बाभळीला लागली व्हय?"

काका हसले. तिनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मात्र तिनं मला सगळी नावं मी मोबाइलवर काढून ठेवलेल्या फोटोवरून वाचायला लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी वाचली. एकही बाई नव्हती. आई जेवली नाही त्या दिवशी. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांची नावं लावत फिरली, आणि स्वतःच्या घरात तिला हे ऐकावं लागलं. कशासाठी? रीत म्हणून?

काका, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. कागद तुमच्या पिशवीत आहे. तुम्ही वाईट नाही. आमच्या लग्नात तुम्ही राबलात. पण मान डोलवू नका. "बघतो" म्हणू नका. सरकारी दारात "बघतो" म्हणजे काय असतं, ते कोतवालाच्या लेकीला कळतं.

दादांच्या नावाशेजारी लिहा, शेवंताबाई, कोतवाल. वर तुमच्या आईचं लिहा, पारूबाई. मग माझं, आणि प्रत्येक घरातल्या लेकीसुनांचं. जागा नसेल तर दुसरा कागद जोडा.

आता सगळ्यांनी उभं राहावं. अशोक, काकांना पेन दे. दोन मिनिटांची शांतता मी मागत नाही. काकांचं लिहून होईपर्यंत उभं राहायचं. कुणी बोलायचं नाही, कुणी खाली बसायचं नाही.

लिहा, काका. आम्ही थांबलोय.