शर्टांच्या पिशव्या

नाही, असं मी म्हटलेलंच नाही, दोरा तुमच्याच दुकानातला आहे, ते कुठे नाकारतेय मी — पण बसा ना आधी, दारात उभं राहून काय बोलायचं, आणि त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, इकडे खिडकीशी बसा. हां. तर काल ती तुमच्या दुकानात आली, उसवलेल्या गोधडीचं गाठोडं काउंटरवर सोडलं आणि गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला नाही नाही ते बोलली. बोलली असणार. चिमणी आहे ती. म्हणजे नाव नव्हे, पण जो तो तिला चिमणीच म्हणतो, लहानपणापासून, अंगानं एवढीशी आणि तोंड सतत चालू. आणि तुमचे शेठ म्हणाले की खराब माल खपवला तर तुमची नोकरी राहायची नाही — हो ना? मग तुम्ही माझ्याकडे का आलात? शिवण माझी होती म्हणून. बरोबर आहे. पण बाई, दोरा तुटायला काय, कारणं शंभर असतात. पाणी जड असतं, साबण कडक असतो, कोणी पिळताना जोर करतं. तुम्ही शेठना सांगा की दमट हवेत... अशा बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही मघापासून त्या डब्याकडे बघताय. शिवणाचा डबा आहे, दुसरं काही नाही त्यात.

बरं, आठवतंय तुम्हाला. मला वाटलंच होतं. दिवसभर इतकी माणसं येतात दुकानात, पण पाण्यात विरघळणारा दोरा मागणारी म्हातारी लक्षात राहणारच. तुम्ही विचारलंतही, काकू, हा कशाला, हा तर शिंपी लोक कच्चे टाके घालायला नेतात, कपडा पाण्यात टाकला की टाके आपोआप जातात, उसवत बसायला नको. आणि मी म्हटलं, त्यालाच हवाय, कच्च्या टाक्यांना. खोटं कुठे बोलले? कच्चेच टाके घातले मी. फक्त त्यांच्यावर पक्के घातले नाहीत.

पाणी घ्या. घ्या हो, चेहरा उतरलाय तुमचा. तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी, तेवढं माझ्याकडे लागलं. पण मी ते उगाच केलं असं समजून जाऊ नका, म्हातारीचं डोकं फिरलंय असंही समजू नका. माझं डोकं त्या दिवसांत जितकं शांत होतं, तितकं गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं.

ही खोली बघताय ना — दर बुधवारी दुपारी आम्ही चौघी इथेच बसतो. मी, चिमणी, बँकेतून निवृत्त झालेली एक आहे ती, आणि नर्सबाई. पोरं शाळेत जायला लागली तेव्हापासून. गोधड्या, उशांचे अभ्रे, सुया खोचायच्या गाद्या, चष्म्याची घरं, पिशव्या — आणि वर्षातून एकदा सगळं प्रदर्शनात मांडायचं, विकून आलेले पैसे इस्पितळाला द्यायचे. टाका माझा सगळ्यांत बारीक. हे मी नाही म्हणत, त्याच म्हणतात. चिमणीचा टाका म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखा, पण रंग तिला कळतात, कुठल्या तुकड्याशेजारी कुठला ठेवायचा ते तिला विचारावं. ती मांडायची, मी जोडायची. अशी जोडी होती. माझ्या मुलाला गोवर आला तेव्हा हिनं रात्री जागवल्या, हिच्या मुलीला मी पोहायला नेत असे — ती मुलगी मला मावशी म्हणते, सख्ख्या मावशीला नुसती नावानं हाक मारते. सांगते कशासाठी, तर परकं कोणी असतं तर मी सोडून दिलं असतं. परक्याचा राग कोण एवढा जपून ठेवतो?

आमचे हे छापखान्यात होते. शाई. कुठलाही शर्ट घ्या, खिशाला शाईचा डाग असायचाच, मी धुऊन धुऊन दमले, मग सोडून दिलं. हे आजारी पडले आणि बघता बघता इतके वाळले की शर्ट अंगावर हँगरला टांगल्यासारखे दिसायचे. इस्पितळात थंडी फार वाजायची त्यांना. तिथली ती ब्लँकेटं बोचायची. म्हटलं, यांच्याच शर्टांची एक गोधडी करू, मऊ झालेलं कापड आहे, आणि वास ओळखीचा. सगळे शर्ट धुतले नाहीत मुद्दाम — हसू नका — तसेच एका चादरीत बांधले आणि कपाटात खाली ठेवले. पण कापायला बसणार कधी? सकाळ-संध्याकाळ इस्पितळ. घराची किल्ली चिमणीकडे. झाडांना पाणी घालायची, दूध उचलायची, माझ्यासाठी डबाही करून आणायची. चांगली होती हो. मी कुठे नाही म्हणते.

हे गेले. नंतर बरेच दिवस मी त्या कपाटाला हातच लावला नाही. एक दिवस उघडलं तर खाली काही नाही. चादर घडी घालून ठेवलेली, नीट, आणि शर्ट नाहीत. मला वाटलं, मीच कुठे ठेवले, त्या दिवसांत डोकं कुठे ठिकाणावर होतं. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर चढले, मुलाला फोन करून त्याच्यावर ओरडले — आणि मग पोस्टाच्या रांगेत उभी होते, तर पुढच्या बाईच्या खांद्याला पिशवी. निळ्या रेघांची. पुढे खिसा तसाच ठेवलेला, शोभेला म्हणून, आणि खिशाच्या कोपऱ्यात तो डाग. मी त्या बाईला म्हटलं, ही पिशवी कुठे मिळाली? ती म्हणाली, छान आहे ना, इस्पितळाच्या प्रदर्शनातून घेतली, आणखी होत्या अशा पण संपल्या. आत तिनं भाजी ठेवलेली होती. पालेभाजी, ओली. मी रांगेतून बाहेर पडले ते सरळ घरी आले, कोणत्या रस्त्यानं आले ते आजही आठवत नाही.

बुधवारी मी सगळ्यांसमोर विचारलं. साधं विचारलं, आवाज चढवला नाही. चिमणी सुईत दोरा ओवत होती, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "अगं ते शर्ट ना? मीच नेले. पिशव्या काय सुरेख झाल्या, पहिल्याच दिवशी सगळ्या गेल्या." मी म्हटलं, मला विचारायचं होतंस. तर म्हणाली, "तुला विचारलं असतं तर तू दिले असतेस का? उराशी धरून बसली असतीस जन्मभर. आणि भाऊजींनीच सांगितलं होतं मला, ते सगळं घरातून काढून टाक म्हणून." नर्सबाईनं माझ्याकडे कात्री मागितली. बँकवालीनं मान आणखी खाली घातली. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या पिशव्यांना अस्तर कोणी लावलं असेल? त्यांनीच. माझ्या माणसाचे शर्ट या तिघींनी कुठेतरी बसून कापले, बाह्या वेगळ्या, कॉलर वेगळी, आणि मी तेव्हा तिकडे औषधाच्या रांगेत. मी कात्री दिली. काय करणार होते? कात्री दिली आणि माझं शिवण पुढे चालू केलं, आणि त्यांना वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. मी नुसती वाट बघत होते, कशाची ते मलाही माहीत नव्हतं. आणि मग चिमणीच्या मुलीला दिवस गेले. लग्नाला इतकी वर्षं झालेली, सासरच्यांनी बोलून बोलून पोरीला अर्धं केलेलं, डॉक्टर झाले, सगळं झालं, आणि आता कुठे. चिमणीला आभाळ ठेंगणं झालं होतं. माझ्याकडे आली, माझे हात धरले, "बाळाची गोधडी आपण चौघींनी करायची, पण जोडायची तूच, तुझा टाका पाहिजे." हिच्या साड्या, मुलीचे लहानपणीचे फ्रॉक, हिच्या गेलेल्या आईचं एक लुगडं — जपून ठेवलेलं, बघा, हिचं जपून ठेवलेलं चालतं — सगळे तुकडे मांडून दिले आणि म्हणाली, आता तू आणि तुझी सुई. त्याच दिवशी संध्याकाळी मी तुमच्या दुकानात आले.

खरं सांगू, इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलेलं नाही. तो दोरा जरा निसरडा असतो, हातात टिकत नाही, बोटं ओली असली तर संपलंच, म्हणून मी दर थोड्या वेळानं हात पुसायची. टाका न् टाका मोजून घातल्यासारखा. चिमणीचे डोळे आता अधू झालेत, ती बोटानं चाचपून बघायची आणि म्हणायची, "काय हात आहे गं तुझा." नर्सबाईसुद्धा म्हणाली की ही प्रदर्शनात पहिली आली असती. आणि मी प्रत्येक टाक्याला मनात म्हणत होते — जाऊ दे, काय म्हणत होते ते तुमच्यासमोर नाही म्हणत.

मला वाटलं होतं, धुवायला टाकतील तेव्हा. पण लहान बाळ ते, कशाला थांबतंय. मुलीच्या सासरी सगळी मंडळी जमलेली, बाळ बघायला, सासूनं त्याला गोधडीसकट उचललं, आणि त्यानं आपलं काम आधीच करून ठेवलेलं. मधली शिवण सुटली. मग शेजारची. सासूच्या हातात तुकडेच आले, आतलं जुनं कापड तिच्या साडीवर. ती म्हणाली, "माहेरचं शिवण हे असलं का? धड एक गोधडीही जमली नाही?" एवढ्या लोकांत. चिमणीची मुलगी रडायला लागली. हे मला सगळं बँकवालीनं सांगितलं, ती तिथे होती. मी दोनदा सांगायला लावलं तिला. सासू काय म्हणाली, कशी म्हणाली, चिमणीचं तोंड कसं झालं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

आणि दुसऱ्या दिवशी चिमणी इथे आली. तुम्ही बसलात ना, तिथेच बसून रडली. मला म्हणाली, "मी त्या बाईला स्पष्ट सांगितलं, शिवण माझ्या मैत्रिणीची आहे, तिचा टाका आजवर कधी सुटलेला नाही. दोरा खराब. दुकानवाल्यानं फसवलंय. मी सोडणार नाही त्याला." आणि उठून तुमच्याकडे आली. कळतंय का तुम्हाला? तिच्या डोक्यातही आलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे बघून असं संशयानं थांबावं, डोळे बारीक करावे — काही नाही. मी इतकं केलं आणि तिनं ते दोऱ्याच्या माथी मारलं. मग माझ्या हाती काय राहिलं? तिला कळलंच नाही कोणी केलं आणि का केलं, तर ते मी केलं काय आणि उंदरानं कुरतडलं काय.

काय म्हणालात? ते शर्ट काढून टाक असं खरंच यांनी सांगितलं असेल का? तुम्हीही तेच विचारता. बँकवालीही दबक्या आवाजात तेच म्हणाली, की असेल गं, आजारी माणूस, तुझ्याच भल्यासाठी. खोटं आहे. हे मला सोडून तिला कशाला सांगतील? मी काय तिथे नव्हते? होते की, सतत होते, फक्त औषध आणायला खाली गेले होते त्या वेळी — एकदा — म्हणजे वर आले तर खोलीच्या दाराला ती काच असते ना, तिच्यातून दिसलं. ती पलंगाच्या कडेला बसलेली, आणि यांनी तिचं मनगट धरलेलं, काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. आणि मग हसले. माझ्याशी बोलायला त्यांना धाप लागायची, मी म्हणायची, बोलू नका, दमाल, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. तिच्याशी बोलताना नाही लागली धाप. मी आत गेले तर यांनी तिचं मनगट सोडलं. मी औषधं टेबलावर ठेवली. काय बोलत होता, असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आता कोणाला विचारू? तिला? ती सांगेल हो, आनंदानं सांगेल, शब्द न् शब्द सांगेल, आणि मग मला तिच्या तोंडून ऐकावं लागेल माझा नवरा माझ्याबद्दल शेवटी काय म्हणाला ते.

नको, रुमाल नको. मला काही झालेलं नाही.

हे बघा, तुम्ही तुमच्या शेठना निर्धास्त सांगा, दोरा ज्या कामाचा होता त्या कामाला वापरला नाही, म्हातारीनं मुद्दाम केलं, आणि हवं तर मी येऊन सांगते. तुमची नोकरी जाणार नाही. पण तिला मात्र तुम्ही सांगायचं नाही. तिला मीच सांगणार. सगळ्या बसल्या असताना, सुईत दोरा ओवताना. यांचा डाग असलेला खिसा पुढे लावून तिनं लोकांना पिशव्या दिल्या, त्यातली एक बघून माझा चेहरा कसा झाला ते तिनं बघितलं नाही ना, पण मला तिचा बघायचाय. अगदी जवळून.

आज बुधवारच आहे. तो जिना ऐकलात? ती आली. नेहमी सगळ्यांच्या आधी येते, आणि आज तर ते तुकडे घेऊन येणार होती, परत जोडून दे म्हणाली, नव्या दोऱ्यानं, बाळासाठी. तुम्ही निघा आता. नाही, मागच्या दारानं कशाला, तुम्ही काय चोरी केलीत? समोरूनच जा. काही विचारलं तर म्हणा, काकूंकडे काम होतं.

ये गं. अगं काही नाही, या दुकानातल्या बाई, निघाल्याच आहेत. — जाताना दार ओढून घ्या, बाई. — बस. ते गाठोडं राहू दे, नंतर सोड. इथे बस, माझ्या समोर. उजेडात.