शालूबाई, वर या!

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय उदयसिंह दादा, मुख्याध्यापक गणपतराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, पालक, विद्यार्थी मित्रांनो आणि आजच्या सत्कारमूर्ती शालूबाई,

शालूबाईंची खुर्ची व्यासपीठावर मांडली होती. ती मोकळी आहे. त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, मुलगी अनुजा हिच्या शेजारी. "मला हितंच बरं हाय," म्हणाल्या. का म्हणाल्या, ते ओघात येईलच.

सव्वीस वर्षं ज्यांनी या शाळेत सेविका म्हणून काम केलं, त्यांचं कौतुक किती शब्दांत करायचं? मी मराठीची शिक्षिका, शिवाय पर्यवेक्षिका. शब्दांना कमी नव्हती. काल चार पानं लिहून काढली होती. ती आता पर्समध्ये आहेत आणि तिथंच राहू देत.

आधी एक गंमत सांगते. चौदा वर्षांपूर्वी सहावीच्या घटक चाचणीत मी एक प्रश्न घातला होता. 'वर' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. एक गुण. वर्गात एक्केचाळीस मुलं. मला वाटलं, पतंग येतील, चंद्र येईल. एकानं लिहिलं, 'आम्ही जोतिबाला वर चढून गेलतो.' त्यातलं 'गेलतो' मी लाल पेनानं खोडलं. पण एकोणतीस मुलांनी, कुणाचं न बघता, एकच वाक्य लिहिलं होतं. 'शालूमावशी, वर या!'

हसताय ना? आम्हीही हसलो होतो. शिक्षक खोलीत मी ते पेपर वाचून दाखवले, तेव्हा हसून पुरेवाट झाली. आणि कळस म्हणजे, त्या वेळी आम्हाला चहा देत कोण उभं होतं? शालूबाईच. त्याही हसल्या.

मुलं तरी काय लिहिणार? आमची शिक्षक खोली तिसऱ्या मजल्यावर, पाणी आणि चहाची शेगडी तळमजल्यावर. घंटा झाली की आमच्यापैकी कुणीतरी कठड्याशी जायचं आणि खाली वाकून हाक मारायची. शालूबाई, चहा वर आणा. शालूबाई, खडू वर द्या. हजेरीपट खाली राहिलाय, तेवढा वर घेऊन या. मोबाईल आले, तरी ही रीत काही सुटली नाही. भाषा मुलं पुस्तकातून शिकतात असं आम्हाला उगीच वाटतं.

त्या एक्केचाळीसात अनुजाचाही पेपर होता. रोज रात्री आईच्या गुडघ्यांना तेल चोळणारी पोर. तिनं लिहिलं होतं, 'आई, तू वर येऊ नको. मी खाली येते.'

मी तिचा अर्धा गुण कापला. प्रश्नात एक वाक्य मागितलं होतं, हिनं दोन लिहिली. ती पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, दुसरं वाक्य न्हाय लिवलं तर आई वर येईल की." मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

पुढं मी पर्यवेक्षिका झाले. कामाच्या पाळ्या माझ्या हातात आल्या. त्या जूनमध्ये शालूबाई माझ्याकडे आल्या. "बाई, गुडघं लई धरल्यात. फाटकावरचं काम द्या की मला." फाटकावर चिमणाबाई होत्या, धडधाकट होत्या, अदलाबदलीला तयारही होत्या. मी म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी." खरं कारण आज या माईकवर सांगते. शालूबाईंचा चहा तिसऱ्या मजल्यापर्यंत गरम यायचा. बस्स, एवढंच कारण होतं. चार जून त्या विचारत राहिल्या, चार जून मी 'बघू' म्हणत राहिले. पाचव्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं, आणि मला वाटलं, चला, गुडघे बरे झाले असतील. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. आमची तर गरजही सरली नव्हती.

आज त्या मुदतीच्या तीन वर्षं आधी नोकरी सोडत आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. नंतर कुरुंदवाडला भावाकडे राहणार आहेत.

आणि आज काय झालं? अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहत होता. कार्यक्रमाला वीस मिनिटं उशीर झाला होता आणि सत्कारमूर्तींचा पत्ता नव्हता. मी बाहेर गेले, कठड्याशी उभी राहिले आणि सवयीनं ओरडले, "शालूबाई, वर या!"

खालून आवाज आला, "आले, आले. वाईच दम खाऊ द्या की."

मी वाकून पाहिलं. पहिल्या मजल्याच्या पायरीवर त्या नव्या साडीत बसल्या होत्या. अनुजानं दंड धरला होता. निमंत्रणपत्रिकेवर 'सभागृह, तिसरा मजला' असं मीच छापायला दिलं होतं. खाली एवढं मोठं पटांगण मोकळं असताना! मी धावत खाली गेले. म्हटलं, "अहो, निरोप तरी पाठवायचा." तर म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंसा, मग यायला नको व्हय?"

तिथून वर अठ्ठावन्न पायऱ्या आहेत. सव्वीस वर्षांत मी त्या पहिल्यांदा मोजल्या, त्यांचा हात धरून. मला माझी फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

अध्यक्षांनी बोलण्याची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे. अशा वेळी शेवटी चूकभूल पोटात घाला म्हणायची रीत आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभागृहानं जरूर क्षमा करावी. वागण्यातल्या चुकीची क्षमा मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती ज्यांनी करायची त्यांनी ठरवावं, आणि नाही म्हणाल्या तरी माझी तक्रार नाही.

आता सूत्रसंचालक सत्कारमूर्तींना व्यासपीठावर बोलावतील. याला चार पायऱ्या आहेत. अध्यक्ष महोदय, ती शाल आणि तो नारळ कृपया माझ्याकडे द्या, आणि आपणही माझ्याबरोबर चला. अनुजा, तुझा अर्धा गुण मी चुकीचा कापला होता. दोन्ही वाक्यं लागतात.

शालूबाई, तुम्ही वर येऊ नका. मी खाली येते.