नाताळच्या बोलीवर गेलेली ताटं

माझं नाव एस्तेर, पर या गल्लीत ते कुणाच्या तोंडात बसलं न्हाय, मोठी माणसं इस्तर म्हणत्यात आन् पोरं इस्त्रीमावशी म्हणत्यात, एकदा तर एक बाई खरंच कापडाचं गठुडं घिऊन दारात आली, इस्त्रीचे किती घेता म्हणून. माझं माहेर वैरागकडलं. आजा मिशनच्या बोर्डिंगात वाढला, तितंच त्यानं बाप्तिस्मा घेतला, म्हणून आमी ख्रिस्ती. बाप वैरागच्या बाजारात हमाली करायचा. गावात ख्रिस्ती घरं दोनच, त्यात दुसऱ्या घराशी आमचं भांडण, म्हंजे नाताळ काय तो एकल्याचाच. आई गुळाची लापशी करायची आन् बाप काड्यांचा तारा करायचा, त्याला पतंगाचा कागद डकवायचा, पर आत दिवा ठिवायचा न्हाय, कागद पेटंल म्हणून. नुसताच तारा, अंधारात दिसायचाबी न्हाय. मी रडायची, तर आई म्हणायची, देवाला दिसतोय की, गप बस. असल्या घरातली मी, मला सण थोडक्यात करायला कुणी शिकवायची गरज न्हाय ताई.

लगीन करून सोलापुरात आले ती या गल्लीतच. आमचे मालक म्हंजे शमुवेल, यंत्रमागावर टॉवेल विणायचे, आन् मी टॉवेलाच्या कडा शिवते, अजूनबी शिवते, नगावर पैसे. गल्लीत तेलुगू विणकर हायती, लिंगायत हायती, बौद्ध हायती, दोन घरं मुसलमानांची, ख्रिस्ती मातर आमी एकलेच. आन् शमुवेल म्हणायला कुणाची जीभ वळंना, म्हणून त्यांचं केलं शामराव. यवडं की आमच्या लग्नात गल्लीनं वर्गणी काडून एक मोठं स्टीलचं ताट दिलं, त्यावर दुकानातनं नाव कोरून आणलं, तर ते बी शामराव. सासूबाई लई तापल्या, माझ्या लेकाचं नाव चर्चात ठिवलंय, ही काय थट्टा हाय व्हय. मालक हसायला लागले. म्हणले, ताट गल्लीनं दिलं, नाव बी गल्लीनं दिलं, दोन्ही फुकाट मिळालं, कशाला बदलायचं. ते ताट मी कदी वापरलं न्हाय, मांडणीवर मागं उभं असायचं.

आता ताटांचंच सांगायचंय मला. लग्नानंतर पयली दिवाळी आली तवा घराघरातनं फराळाची ताटं आली, करंज्या, चकल्या, लाडू, वर रुमाल टाकून. आन् तुमाला ठावं हाय, शेजारचं ताट रिकामं परत करत न्हायती. आमच्या घरात घालायला काय, चिमटीभर साखर. सासूबाई साखर घालायलाच बसल्या व्हत्या, तर मालक म्हणले, ठिवा ती ताटं घरात, नाताळला आपला फराळ भरूनच परत करू. तवापासनं ती रीतच पडली. दिवाळीत ताट आमच्याकडं आलं की दोन म्हैनं हितंच मुक्काम. आन् गल्लीत बोलायची तऱ्हाच झाली, कुणाच्या घरात भांडं सापडंना की सासू सुनंला म्हणती, शोधू नगं, ते नाताळच्या बोलीवर गेलंय. एकीनं तर चेपलेलं ताट मुद्दाम ह्याच कामाला ठिवलंय, मला कळत न्हाय व्हय.

पर नाताळ म्हंजे आमाला एक अडचण. कामगाराला बोनस मिळतो दिवाळीला आन् आमचा सण दोन म्हैन्यांनी. सगळ्या गल्लीत फटाके वाजत्यात, कपडे येत्यात, आन् आमी बोनस हातात धरून बसायचं, पैसा काय हातात बसतो व्हय, तो पाण्यासारका. म्हणून मी गौरी-गणपतीपासनंच तयारीला लागायची. वाण्याकडनं साखर जरा जास्त, पुढच्या खेपेला रवा, मंग डालडा, सगळं लोखंडी पेटीत. कपडे दिवाळीच्या सेलात स्वस्त मिळत्यात तवाच घ्यायचे आन् पेटीच्या तळाला घालायचे, आमचा दानी ल्हान व्हता तवा पेटीवर बसून रडायचा. नाताळच्या दिवशी उपासना झाली की मालक धुतलेला सदरा घालून ताटं वाटायला निघायचे. गल्ली किती, ह्या टोकापासनं त्या टोकाला हाक ऐकू येती, पर त्यांना सगळी दुपार लागायची, कारण प्रत्येक घरात च्या.

ते मालक यंदा उन्हाळ्यात गेले. मागाचा कापूस छातीत बसलेला, डॉक्टर म्हणले लई वर्साचा हाय. त्याच्या आदीच त्यांचा मागाचा कारखाना बंद पडलेला. दानी चिंचोळीला एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला हाय, तर आता आठवड्याला तीन दिवस बोलावत्यात, कदी दोनच. माझ्या टॉवेलांचं म्हणाल तर बाहेरदेशी जायचा माल थांबलाय म्हणत्यात, गठ्ठे आत पडून हायती, शिवायला काय देणार. पेटीत यंदा काय पडलंच न्हाय. मी आपली देवाला म्हणत व्हते, खोटं कशाला सांगू तुमाला, यंदा ताटं येऊ नयेत. आली न्हायती तर परत करायची पाळीच येणार न्हाय.

आन् काय सांगू ताई, दिवाळीला ताटं आली ती डोंगरासारकी. का, तर त्यांच्यात रीत हाय, ज्या घरात मयत झालंय त्या घरात वरीसभर सणाची कढई चढत न्हाय, मंग शेजारच्यांनी भरून द्यायचं. मी म्हणले, अगं बायांनो, दिवाळी माझी न्हायच की, माझी कढई तशीबी चढत नव्हती. तर शेजारची सिद्धव्वा, अक्कलकोटकडली हाय, निम्मं कानडी बोलती, ती म्हणली, सण तुझा असंल, दुख गल्लीचं हाय. हसू आलं मला आन् हसता हसताच रडायला आलं, लाडवाचं ताट हातात धरून दारातच रडले मी. ते गेल्यापासनं तशी रडले नव्हते.

सगळी ताटं आली, एक आलं न्हाय. समोरच्या शकुबाईचं. माझ्या लग्नात वरातीच्या म्होरं नाचलेली ती बाई, तिचं ताट कदी चुकलं न्हाय. यंदा तिच्या धाकट्या लेकानं सांगितलं म्हणं, त्या ख्रिस्ती घरात द्यायचं न्हाय आन् त्यांचं घ्यायचं न्हाय. दिवाळीचे चार दिवस ती दार लावून बसली, आता नळावर आली की मान खाली घालती. त्या पोराचा राग तरी कसा करू. दात आल्यापासनं माझ्या करंज्या खाल्ल्यात त्यानं, आमच्या मालकांच्या खांद्यावर बसून आमच्या दारातल्या नाताळच्या ताऱ्याचा दिवा लावायचा हट्ट करायचा. आता मोबाईल बघत दारातनं जातो, मी हाय का न्हाय ते बी बघत न्हाय. लागतं ओ मनाला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी तोंडावर दोन शब्द सुनावले असते, ह्याला काय सुनावू.

मंग दानीनं विषय काढला. म्हणला, आई, ताटं धुऊन चिमटभर साखर घाल आन् देऊन टाक, यंदा दुखाचं वर्स हाय म्हण, कुणी एक शब्द बोलणार न्हाय. तसं ते खरंबी हाय. त्यांच्यात ती रीत हायच, माझ्या तोंडातनं निघायच्या आदी ती लोकं मान हलवतील. पर माझं डोस्कं असं फिरलं, मी म्हणले, बापाच्या मरणाचा पडदा करून त्याच्या मागं रिकामी पेटी लपवू व्हय मी? पैसा न्हाय म्हणून सण न्हाय, तर तसं म्हणायचं, त्यांचं नाव मधी आणायचं न्हाय. दानी बी चिडला. मंग कशानं भरणार ती ताटं, मला सांग, माझी हाडं मोडून भरणार काय. आन् जेवणाचं ताट तसंच सरकवून उठला. तो चुकला न्हाय ताई, तेच तर दुखतंय. जवान पोरगं, आठवड्याला चार दिवस घरात बसून ऱ्हातंय, त्याला त्या ताटांकडं बघवत नसंल. सगळी मांडणीवर वळीनं उभी, सगळ्यांवर नावं कोरलेली, जिकडं मान फिरवावी तिकडं एक नाव.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. चांगला माणूस हाय. म्हणले, बाई, साधेपणानं करा, देव मन बघतो. मी म्हणले, व्हय साहेब, देव मन बघतो, पर गल्ली ताट बघती. आन् अजून एक भ्या माझ्या पोटात व्हतं ते त्यांना सांगितलं न्हाय, तुमाला सांगते. एक घर सुटलंय. ह्या वर्साला मी साखरेवर भागवलं, तर पुढच्या दिवाळीला कदाचित दोन घरं सुटतील, कुणाच्या मनात काय असंल म्हणून न्हाय, आपली सवय तुटंल म्हणून. मालकांनी यवडी वर्सं सांबाळल्यालं माझ्या हातनं तुटायला नगं.

शेवटी सिद्धव्वालाच बसवून घेतलं आन् उघडं बोलले, भरायला काय न्हाय बाई माझ्याकडं. ती काय कळवळली न्हाय, बरं झालं, मला कळवळलेलं चालत न्हाय. नोड इस्तरक्का, म्हणली, नोड म्हंजे त्यांच्यात बघ. म्हणली, ताट रिकामं नगं यवडीच रीत हाय. भरलेलंच पायजे असं कुणी म्हणलंय? इतकी वर्सं ताट काटोकाट भरायच्या नादात मला हे सुचलंच नव्हतं. मंग दोगींनी ठरवलं. रेशनचा गहू हाय, वाण्याकडनं गूळ आणायचा, गुळाच्या शंकरपाळ्या, एका ताटात एक ओंजळ. तेल माझ्याकडनं घे म्हणली, तर मी म्हणले ते न्हाय जमायचं, तुझ्याच तेलात तळून तुलाच द्यायचं, त्यापरीस तू घरीच तळून खा की. लई हसली. तेलाचं मी बघीन, दोन गठ्ठे शिवायला मिळतील म्हणलाय टॉवेल देणारा माणूस, मिळतील तवा खरं. न्हायच मिळाले तर तव्यावर गुळाच्या दशम्या.

दानी अजून माझ्याशी धड बोलत न्हाय. पर काल मी नळावरनं आले तर माळ्यावरचा ताऱ्याचा सांगाडा खाली काढलेला, पुसत बसला व्हता. कागद आणायला पैसे मागितले न्हायती, बघू काय करतोय.

आता ताटं कोण वाटणार, तर मीच जाणार, पांढरं लुगडं न्हाय नेसायची, माझं निळं हाय ते नेसणार. सगळी ताटं ज्याची त्याला. राहिलं समोरचं घर. त्यांचं ताट आलंच न्हाय, म्हंजे त्यांचं आमी काय देणं लागत न्हाय, हिशोबानं बघितलं तर मोकळे झालो. दोन दिवस मी तसंच म्हणत व्हते. मंग मांडणीच्या मागनं ते लग्नातलं ताट काढलं, राखंनं घासलं, हे बघा, नाव कसं निघालंय, शामराव. ह्याच्यात दुसऱ्यांपेक्षा एक ओंजळ जास्त घालीन, त्या पोराला गोड लई लागतं. आजवर परत करायची पाळी आमची व्हती, आता त्यांच्यावर येऊ दे. दानी म्हणतो, घेणार न्हायती आई, घेतलं तरी परत करणार न्हायती, चांगलं ताट जाईल. जाईना. शकुबाईच्या हातात द्यायचं आन् म्हणायचं, तुमच्या शामरावांकडनं हाय, यवडंच. तुमच्या घरचं ताट कदी रिकामं ऱ्हाऊ नये ताई, च्या घ्या, गार व्हतोय. परत आलं ताट तर भरून पावले मी. न्हाय आलं, तर ऱ्हाऊ द्या शामराव त्यांच्या मांडणीवर.